दसऱ्यानंतर गायब झालेली फोल्डरं

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

पातूरहून पहाटेची एसटी धरून थेट ऑफिसात. सुट्टी अजून अंगातून उतरलीही नव्हती. दारातच वैद्य मॅडम. "नसीम, माझ्याकडे अहवाल उघडत नाही गं." वाटलं, बाईंनी पुन्हा पायाने नेटवर्कची वायर ओढली असणार. त्यांच्या पायाला चैन म्हणून नाही.

वायर ठीक होती. बाकीचे कॉम्प्युटर पाहिले. सगळीकडे तेच. 'अहवाल' नाही, 'फोटो' नाही, 'हिशेब' नाही. सर्व्हर दिसतो, पासवर्डही घेतो, आत गेलं की ठणठणाट.

सर्व्हरच्या खोलीत गेले. रविवारी खंडेनवमीची पूजा झालेली. सर्व्हरवर, यूपीएसवर, बाजूच्या डिस्कच्या डब्यावर झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, वर आपट्याची पानं. सर्व्हरच्या पडद्यावर पाहते तर डी ड्राइव्हच नाही! आणि आपलं सगळं डीवर. अरे बाप्पा. पुढे काही बघणार तर लाइट गेली. भारनियमनाचं टाइमटेबल भिंतीवर आहे, लाइट मात्र आपल्या मर्जीने जाते. यूपीएस बोंबलायला लागला, सर्व्हर बंद करून बाहेर आले.

वानखडे साहेबांना सांगितलं. लॅब त्यांची, बियाणं तपासायची. यंदा कपाशी उगवली नाही म्हणून जेवढ्या तक्रारी आल्या, त्यांच्या उगवण-चाचणीच्या मूळ नोंदी आणि ट्रेचे फोटो त्या फोल्डरांत. गुरुवारी बारा तारखेला ग्राहक मंचात दाखवायचे आहेत. समोर बियाणे कंपनी, तिचे वकील नागपूरचे. सीडीवर काढून ठेवलेलं आहे ते ऑगस्टपर्यंतचं. हे फोटो नंतरचे.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रोजा कसा सुटला कळलं नाही. खालाने, ज्या मावशीकडे मी इथे राहते तिने, खजूर पुढे केला, मी तो हातात धरूनच बसले.


४ ऑक्टो., बुध.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे?"
"माझ्याकडे."
"अजून?"
"कोणाकडेच नाही. तुमीच म्हणाले होते कोणाले देऊ नको म्हणून."
"बरं. खोलीची किल्ली?"
"माझ्याकडेच. शनिवारी पूजेसाठी रामदासभाऊले देऊन गेली होती."

पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "बारा तारखेले नोंदी नाही दाखवल्या, तर सारे म्हणतीन लॅबवाले कंपनीले मिळाले. मी त नाही मिळालो. मंग कोण मिळालं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नसीम, खरं सांग. कोणी भेटलं होतं का तुले?"

कोणी भेटलं नाही साहेब. पातूरला शेजारच्या रझियाआपा भेटल्या, त्यांची गुडघेदुखी भेटली, चिकनगुनियाने अर्धं गाव वाकून चालून राहिलं. हे सगळं मनात. तोंडाने एवढंच म्हटलं, "नाही."

दुपारी त्यांनी सर्व्हरच्या खोलीला आपलं कुलूप घातलं. मला म्हणाले, तू आता हात लावू नको. अकोल्याच्या आपल्या शाखेचं काम बघतो तो इंजिनिअर, मोहोड, शनिवारी येतो.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या दाराबाहेर उभी राहिले, परक्यासारखी. भेव वाटून राहिलं. साधं भेव नाही. माझं नाव, कॉम्प्युटर आणि पोलीस, हे तीन शब्द सध्याच्या दिवसांत एका ओळीत आले की काय होतं, ते पेपरात वाचते मी. साहेब पोलीस म्हणाले नाहीत अजून. मीच म्हणून राहिले, मनात, सारखं.


५ ऑक्टो., गुरु.

पहाटे सहरीला भाकरी मोडता मोडता आठवलं. डबा!

डी ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात नाहीच. दोन वर्षांपूर्वी जागा संपली तेव्हा साहेबांनी बाहेरची डिस्क घेतली, तोच तो डबा. त्याला वेगळी वायर, पाठीमागे वेगळं बटण. चालू असला की घों घों करतो. मंगळवारी तो गप्प होता. आवाजच नव्हता खोलीत! आणि दिव्यावर माळ, म्हणून दिवाही दिसला नाही.

डिस्क जळली नसेल. फक्त बंद असेल. या अल्लाह, फक्त बंद असेल.

सकाळी टपरीवर रामदासभाऊंना गाठलं. आमचे शिपाई, माझ्यापेक्षा जुने, मला पोरीसारखं वागवतात. विचारलं, पूजेच्या दिवशी नेमकं काय काय केलं?

"काय करतो? नवमीले अवजार बंदच ठेवा लागते ना ताई. सुताराची पटाशी बंद, शिलाईची मशिन बंद, तशी तुमची मशिन बंद. सारे बटन बंद केले, ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुकू वायलं. वैद्य मॅडमनं आरती केली. दसरा झाला का सकायीच येऊन चालू केलं."

"सगळे बटन?"

"मोठ्या डब्ब्याचं केलं. त्याचं केलं का सारंच चालू होते, नाई का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या हातातला कप थांबला.

"काहून ताई? माया हातून काई झालं का?" आणि लगेच, हळू आवाजात, "सायबाले माहं नाव नका सांगजा बरं. पोरीचं दिवाळीनंतर ठरून राहिलं. मले आता कोण ठेवते?"

सांगणार नाही म्हटलं. म्हणून तर बसले. आता बसा नसीमबाई आपल्या शब्दाला कवटाळून.


५, संध्याकाळ

नाव न घेता सांगता येईल. 'साहेब, डबा बंद असेल, एकदा बटण पाहा.' एवढंच. पण लगेच विचारतील, कोणी बंद केला? मग? पूजा म्हणावं लागेल. माझ्या तोंडून. "तुमच्या पूजेमुळे झालं." वैद्य मॅडमने म्हटलं तर हसतील सगळे, अरे भैताडांनो, डब्याचं बटण तरी लावायचं, म्हणतील. मी म्हटलं तर हसणार नाही कोणी.

हा विचार माझाच खोटा असेल कदाचित. माणसं चांगली आहेत. ईदला शिरखुर्मा डब्यातून पुरत नाही, पातेलं न्यावं लागतं. तरी जीभ उचलत नाही.


६ ऑक्टो., शुक्र.

सांगितलं. सांगावंच लागलं. सकाळी साहेब मोहोडशी फोनवर बोलत होते. मी दारात. "हो, फॉर्मॅट मारून नव्यानं टाकायचं असलं तरी चालते, पण पयले ते..." पुढचं ऐकूच आलं नाही. फॉर्मॅट! तो येऊन डबा चालू करेल आणि त्यालाच कोरी डिस्क समजून पुसून टाकेल, हेच डोळ्यांपुढे.

धडधड आत गेले. "साहेब, फॉर्मॅट नका करू. डेटा आहे. डिस्कचा डबा बंद राहिला असेल. पाठीमागचं बटण."

"बटन कोण बंद करीन?"

वैद्य मॅडम समोरच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "पूजेच्या वेळी सगळं बंद केलं होतं. चालू करताना ते राहून गेलं असेल." रामदासभाऊंचं नाव नाही घेतलं.

मॅडमचा आवाज एकदम पातळ झाला. "म्हणजे आता आमची पूजाच नडली म्हण. इतकी वर्षं करतो, कधी काही झालं नाही ते."

"तसं नाही मॅडम. इतकी वर्षं डबा नव्हता. आणि मागच्या वर्षी मी होते, चालू मीच केलं होतं."

"हेच तर म्हणते मी. सगळं तुलाच माहीत असतं."

बस. एवढंच बोलणं. कोणी शिवी दिली नाही, कोणी टेबल आपटलं नाही. पण दुपारी मॅडमनी जेवणाचा डबा उघडला तो पलीकडे तोंड करून. मी जेवत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी रमजानमध्ये "अगं, तुझ्यासमोर खायला कसंतरी होतं" म्हणतात. आज म्हणाल्या नाहीत.

साहेब म्हणाले, मोहोड पाहीन. खोली उघडली नाही. एक बटण, साहेब! पाच पावलांवर आहे!

अब्बांचा फोन. गावातल्या उर्दू शाळेतून रिटायर झाले तरी हजेरी घेतल्यासारखं बोलतात. "आवाज क्यों ऐसी है?" म्हटलं, रोजा लागला. "रोजा आवाज में नहीं लगता बेटा," म्हणाले. मग सगळं सांगितलं. सांगताना घड्याळाची टिकटिक येत होती त्यांच्याकडची.


७ ऑक्टो., शनि.

सापडलं!!

मोहोड अकोल्याहून आला. चांगला पोरगा. मला बाहेर उभं ठेवलं होतं, त्यानेच साहेबांना म्हटलं, "मॅडमले आत घ्या ना, पासवर्ड कोण टाकीन?" आत गेले. सर्व्हर त्याने आधीच चालू केला होता. माळा सुकून काळ्या पडल्या होत्या. मी डब्याकडे बोट दाखवलं. त्याने माळ वर केली, पाठीमागे हात घातला, बटण दाबलं. घों घों.

जन्मात इतका गोड आवाज ऐकला नाही.

डी ड्राइव्ह आला. फोल्डरं आत, फोटो आत, ट्रे अन् ट्रे. पण वैद्य मॅडम बाहेरून ओरडल्या, "माझ्याकडे अजून नाहीच दिसत!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मोहोडकडे नाही. माझ्याकडे.

मोहोड म्हणाला, सर्व्हर चालू झाला तेव्हा डिस्क हजर नव्हती, म्हणून त्याने शेअर, म्हणजे सगळ्यांना वाटून दिलेली फोल्डरं, सोडून दिली. आता डिस्क आली तरी तो आपण होऊन पुन्हा वाटणार नाही. त्याले सांगा लागते. शेअरची सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू करू. ते मीच केलं. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"आले! आले गं!" मॅडम.

रामदासभाऊ दारात हात जोडून उभे. साहेबांनी पेढे मागवले. म्हणाले, देवीची कृपा. मोहोड म्हणाला, बटनाची कृपा, आणि सगळे हसले. बघा, हसले ना. तो म्हणाला तर हसले.

मॅडमनी दोन पेढे कागदात बांधून दिले, "रोजा सुटल्यावर खा." चेहऱ्यावर ओशाळेपण होतं. मीही घेतले. खालाने विचारलं कशाचे, तर रडूच आलं. आज तरी पोटभर जेवले.


८ ऑक्टो., रवि.

दुपारी मोबाइलवर अनोळखी नंबर. "नसीम बानो का? ठाण्यातून बोलून राहिलो. तुमच्या ऑफिसच्या माहितीची चोरी, त्या अर्जात नाव आहे तुमचं. मंगळवारी अकराले या. ओळखपत्र आणजा."

म्हटलं, चोरी झालीच नाही, फोल्डरं सापडली काल.

"ते इथं येऊन सांगा."

साहेबांना फोन लावला. उचलला. "अगं हो, तो अर्ज मी गुरुवारीच देऊन बसलो होतो. वकील म्हणाले, आपली बाजू सेफ राहते. काल त्या आनंदात विसरलोच बघ."

विसरलोच बघ.

"तू मनावर नको घेऊ. उद्या वापस घेतो."

गुरुवारी. म्हणजे मी टपरीवर रामदासभाऊंना शब्द देत होते तेव्हा हे अर्ज लिहून राहिले होते. पेढे वाटताना अर्ज तिकडे टेबलावर होता. काही सुचत नाही.


९ ऑक्टो., सोम.

साहेब सकाळी ठाण्यात जाऊन आले. फोल्डरं सापडल्याचं लिहून दिलं म्हणतात. पण अंमलदार म्हणाला, अर्ज आला म्हणजे चौकशी करावीच लागते. बाईंचा जबाब घेऊ, घरी कोण कोण येतं-जातं विचारू, मग बंद करू.

घरी कोण येतं-जातं. त्याचा आणि डी ड्राइव्हचा काय संबंध?

"फॉर्मॅलिटी आहे," साहेब. ते स्वतः सोबत येणार होते, पण मंगळवारी वकिलांकडे बसायचं आहे, बारा तारखेची तयारी. फोटो छान छापून आले. मीच छापून दिले.

रामदासभाऊ जवळ आले. "मी येतो ताई. सांगतो मीच बटन नाई लावलं म्हणून." डोळे भरले होते त्यांचे. त्यांना म्हटलं, बटण कोणी विचारणारच नाही हो आता.

ठाण्याचं अब्बांना सांगितलं नव्हतं. खालाने सांगितलं. उद्या पहिल्या गाडीने निघतो म्हणाले.

एक गोष्ट सांगायची होती त्यांना. दिवसभर फोन हातात घेतला आणि ठेवला. कोणत्या तोंडाने सांगणार?


१० ऑक्टो., मंगळ.

अकोल्याला गाडी बदलून अब्बा आले. मी स्टँडवर. उतरले तर क्षणभर ओळखलंच नाही. डोक्यावर टोपी नव्हती.

शाळेत, बाजारात, लग्नात, अम्मीच्या मय्यतीत, कधीच त्यांना उघड्या डोक्याने बाहेर पाहिलं नाही मी. केस इतके विरळ झाले हेही माहीत नव्हतं. दाढीही बारीक करून आले होते.

काल जे सांगायला जीभ उचलली नाही ते हेच, टोपी घालून येऊ नका. ते न सांगताच कळलं त्यांना. आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, भर स्टँडवर.

मी डोक्याकडे पाहते हे त्यांनी पाहिलं. "जल्दी में घर पे रह गई," म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून तिची काळी कड दिसत होती.

हो म्हटलं. आता खालाकडे हातपाय धुऊन राहिले आहेत. अकराला जायचं.