रद्दीतल्या कादंबरीचं लग्न

मंगळवार, तेलीबांधा

वाचन ऐकायला आधी आल्या वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई, मागून त्यांची जाऊ. दोघींना मराठी कळतं, पण वाचायला हिंदीच सोपी पडते. म्हणून मी मोठ्यानं वाचते. ही कादंबरी मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावात आणलेली, शेवटची पानंच गायब! मग शेवट मीच लिहिला, कॅलेंडरच्या पाठीवर, अन् पुस्तकात दडवला. आज तोही वाचून टाकला, छापल्यासारखा.

दोघींना पत्ता नाही लागला. पण कुसुमताई म्हणतात, "काहून जी, दोनशे पानं रडवलं, अन् लग्न चार ओळीत? लिहिणाऱ्याचं दूध गॅसवर होतं का?"

होतंच! उतूही गेलं. चार ओळी कमीच झाल्या, मलेही वाटत होतं. पण कबूल कसं करू?

मी म्हटलं, "दुसऱ्या आवृत्तीत लग्न मोठं केलं म्हणतात."

"हव? मग तेच आणा न, काकू!" जाऊ म्हणाली.

आता हळद घालायची, मामाचा रुसवा घालायचा. जुनं खोडायला बसली तर हसूच आवरत नाही. दोघी शुक्रवारी येतो म्हणून गेल्या. तोवर वरात दारी लागली पाहिजे.