खिशात मावणारा कॅमेरा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे आणि वहिनींचा राग कसा आहे ते कळव (दोन्हींना उतार पडला असेल तर आनंदच आहे).

बाबांनी मला डोंगरावर धाडलं होतं, ती हकीकत सांगतो. माथ्यावरच्या ज्या कातळावर लग्नानंतर ते आणि आई बसले होते, तो अजून आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आता त्यांना घरचा जिना चढवत नाही, तेव्हा फोटो आणायची कामगिरी माझ्यावर आली. गेल्या वर्षी तू त्याच कातळाचा फोटो काढला होतास आणि ही धुक्यातली म्हैस आहे असं म्हणून मी तो बाबांपर्यंत पोचूच दिला नव्हता, हे तू विसरला असशील अशी आशा आहे.

तर आधी कॅमेरा. तीन आठवडे मी दुकानं पालथी घातली. खिशात मावणारा हवा, आपटला तरी चालणारा हवा, धूळ-पाणी सोसणारा हवा. शेवटच्या दुकानदाराने एक काढून दिला आणि हा समुद्राच्या तळाशी आणि बर्फातही चालतो, असं म्हणून माझ्या पोटाकडे बघितलं. (मला आंघोळीलासुद्धा कढत पाणी लागतं, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.) तुझी भावजय म्हणाली, या कॅमेऱ्याला एकट्यालाच पाठवलंत तर लवकर परत येईल. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, वाट दाखवायला सोबत येणार होता. तो नुसता हसला.

आता, कारखान्याच्या पॅकिंग खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस नवी वस्तू तशीच खिशात टाकेल का? मी कॅमेरा फोममध्ये बसवला, त्यावर फुग्यांचा कागद, मग पुठ्ठ्याचा खोका, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे आणि वर प्लास्टिकचा पट्टा आवळला. माझ्या आधी त्या खात्याचे प्रमुख बाबाच होते. खोका बांधणाऱ्याने आधी उघडणाऱ्याचा विचार करावा आणि ओढायची पट्टी लावल्याशिवाय खोका सोडू नये, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण घरच्या कामात कसली आलीय पट्टी! खिशात मावणारा कॅमेरा शेवटी प्रेशर कुकरएवढा झाला आणि पाठीवर न्यावा लागला.

चार तास चढून माथा गाठला. कातळ जागच्या जागी होता, ऊन स्वच्छ होतं. मी खोका काढला. नखं झाली, दात झाले, मेव्हण्याची किल्ली वाकली. शेवटी खोका कातळावर आपटला, तर माझं पॅकिंग इतकं उत्तम की खोक्याला पोचाही आला नाही. मेव्हण्याने स्वतःचा फोन पुढे केला. तीन आठवडे त्याच फोनची टिंगल केल्यामुळे मी तो बाणेदारपणे नाकारला. मग ढग आले आणि आम्ही उतरलो. एकंदरीत सहल उत्तम झाली.

तुझा धाकटा

ता. क. तुझा तो गेल्या वर्षीचा फोटो तेवढा गुपचूप पाठव. बाबांना मी फोटो छापायला दिलेत असं सांगितलंय. ते रोज दाराकडे बघत बसतात, ते मला बघवत नाही.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायला बाबांकडेच देतोय. पाकीट तीनदा चिकटवलंय, काळजी नसावी.

ता. क. ३. चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद. हे मी लिहितोय. पाकीट उघडायला अर्धं मिनिट लागलं. कपाटावरचा खोकाही उघडला. पट्टी होती, उजव्या बाजूला. याचे हात शिकलेले आहेत, डोकं राहिलं. तुझा फोटो पाठव, म्हैस असली तरी आमची बसायची जागा मी ओळखीन. रविवारी याला परत वर पाठवतोय. कॅमेरा शर्टाच्या खिशात घालून देईन. बटण मी स्वतः लावीन.