माझ्या मागे एकतीस जण

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. त्यातले थोडे शिल्लक ठेव आणि पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, शर्यतीच्या दिवशी, मला परत पाठव.

नकाशाच्या ऑफिसात तुला अखेर खिडकीजवळचं टेबल मिळालं हे वाचून बरं वाटलं. इथे माझं नेहमीचंच. दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घासते. काल एक गृहस्थ नवी कवळी परत घेऊन आले. म्हणाले, ती घातली की आपण नको तितके हसरे दिसतो, आणि घरच्यांना संशय येतो. आता ते हसू कमी करायचं काम माझ्याकडे आलंय.

खरी बातमी वेगळीच आहे. आमच्या सायकल मंडळाचे सेक्रेटरी, ते औषधांच्या दुकानवाले, त्यांच्या डोक्यात आलं की यंदा पन्नाशी ओलांडलेल्यांना छत्तीस मिनिटं आधी सोडायचं. बत्तीस जणांत पन्नाशी ओलांडलेली मी एकटीच. म्हणजे नेहमीच्या वेळी, सात वाजता, मी एकटी निघणार आणि बाकीचे एकतीस सात छत्तीसला.

तुला माहीत आहे, अकरा वर्षं मी शेवटची येते. शिटी वाजली की पाच मिनिटांत सगळ्यांच्या पाठी दिसेनाशा होतात, आणि मग चाळीस किलोमीटर मी आणि माझी सायकल. त्याचं मला काही वाटत नाही असं मी चारचौघांत सांगते. तुला खरं सांगते, वाटतं. एकदा तरी कोणीतरी आपल्या मागे असावं. यंदा चांगले एकतीस जण असणार, आणि ते मला गाठणार कुठे या विचाराने कामात लक्ष लागत नाही. पुलावर? टाकीच्या वळणापाशी? की गाठणारच नाहीत? आणि एवढ्या सायकली मागून आल्या तर आवाज कसा येत असेल? मी तो कधी ऐकलेलाच नाही.

एक काम कर. तुझ्या बाबांना या सवलतीचं काही कळवू नकोस. दादा दरवर्षी पाण्याच्या टाकीच्या वळणावर झेंडी घेऊन उभा असतो. घोळका वळून गेला की पुढे अर्धा तास माझ्यासाठी थांबतो, मी वळले की झेंडी गुंडाळून घरी जातो. मी म्हाताऱ्यांच्या कोट्यातून निघाले हे त्याला कळलं तर वर्षभर माझी सुटका नाही. शर्यत झाली की मीच सांगेन.

लोभ आहेच, पण पत्राने दाखवत जा.
तुझी आत्या

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि उरलेली सुट्टी तुझ्या शर्यतीत गेली. ऑफिसच्या कागदावर तुमचा सगळा रस्ता काढला. तू तासाला बावीस किलोमीटर जातेस आणि घोळका पस्तीस असं धरलं, तर शेवटाच्या साडेचार किलोमीटर आधी, काचेच्या कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी तुला गाठतील. वाईट वाटून घेऊ नकोस. फूटपट्टीला पाय नसतात.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही आता उत्सुकता लागली आहे. त्या विचारतात की मागे वळून बघितलं तर वेळ जातो का. मला सांगता आलं नाही, तू सांग. बाबांना काही कळवत नाही. ते काही लपवायला सांगतात तेव्हा तू मला तोंड उघडायला लावतेस, हे मात्र लक्षात ठेव.

निकाल लगेच कळव. इथे दोन जणी वाट बघतायत.
तुझी, भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज थट्टा नाही.

मी पहिली आले. आणि आता ते मला नकोसं झालंय.

सगळं नीट सांगते. मी शेवटची रेषा ओलांडली तेव्हा तिथे अजून टेबल मांडणं चालू होतं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, माझ्या मागचा रस्ता बघितला, पुन्हा घड्याळ बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी वाटभर कान मागे लावून बसले होते, पण तो आवाज काही आलाच नाही. मला वाटलं मी खरंच सुटले. दहा मिनिटं, भिंगरी, दहा मिनिटं मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते.

मग ते एकतीस जण आले, भलत्याच बाजूने, धुळीने माखलेले आणि तापलेले. टाकीपाशी डावीकडे वळायचं सोडून ते सरळ पुढे गेले आणि वीटभट्ट्यांना वळसा घालून इकडे आले. रस्त्यावरचा चुन्याचा बाण टाकीच्या गळत्या पाण्याने पुसला गेला होता. घोळक्यातला प्रत्येक जण पुढच्याचं मागचं चाक बघत जातो, रस्ता कोणी बघत नाही. आणि वळणावर झेंडीवालाही नव्हता.

पण मी वळले तेव्हा दादा होता. त्याने मला झेंडी दाखवली, हात केला. दहा मिनिटांनी घोळका आला तेव्हा तो तिथून गेलेला होता. आता लोक काय म्हणत असतील ते तूच समज. बहिणीला वाट दाखवली आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं, असं मी औषधांच्या दुकानात माझ्या कानांनी ऐकलं. सेक्रेटरींनी दादाला विचारलं तर तो म्हणाला की चूक माझी आहे, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. बाकी तोंडाला कुलूप. मी घरी जाऊन विचारलं, तर चुकलं म्हणाला आणि पुठ्ठे कापायला आत निघून गेला. वहिनीलाही काही सांगत नाही.

चार मार्चला मंडळाची सभा आहे. आपला रस्ता आपल्याला माहीत हवा असा नियम आहे, त्यामुळे मी पहिली. पण दादाने मुद्दाम केलं असं ठरलं तर माझं नाव खोडणार. नाव खोडलं तरी चालेल. मला एवढंच कळायला हवं, की माझी कीव येऊन त्याने हे केलं का. सख्ख्या भावाला मी इतकी बिचारी वाटते का? तेव्हापासून मी त्याच्या घराची पायरी चढलेली नाही.

लोभ असू दे. सध्या इकडे त्याची टंचाई आहे.
आत्या

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं, आत्याचंही आलं. दोघींच्या पत्रांत तुम्ही गप्प आहात एवढीच बातमी आहे. तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण मला तीन गोष्टी सांगा. त्या दिवशी वळणावर तुम्ही किती वाजता पोचलात? मंडळाने वेळांचा कागद पाठवला होता तो वाचलात का? आणि आत्या वळल्यावर तुम्ही का निघालात?

तुम्ही पुस्तकाचं एक पान उलटं लागलं तरी अख्खी शिवण उसवून पुन्हा बांधता. तुम्ही लबाडी केली असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. म्हणून विचारते.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया तशीच राहू द्या.
तुमची, भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. वाटेत माझी सायकल पंक्चर झाली. दोन किलोमीटर ढकलत नेली. वळणावर पोचलो तेव्हा आठला पाच कमी होते. घोळका दरवर्षी पावणेआठला वळतो, म्हणून म्हटलं, गेला तो, आपल्याला उशीर झाला. शरम वाटली, पण पुढची मंडळी रस्ता चुकत नाहीत, तेव्हा निभावलं असं समजलो. मंडळाचा कागद खिशात घडी घातलेलाच होता. अकरा वर्षं तोच कागद येतो.

आठ वाजून दहा मिनिटांनी तुझी आत्या आली. दरवर्षी येते तशीच, त्याच वेळेला. मी झेंडी दाखवली. ती वळली. मग मी झेंडी गुंडाळली आणि निघालो. तुझी आत्या गेली म्हणजे शर्यत संपली. तिच्या मागे कोणी असू शकेल हे माझ्या मनातच आलं नाही.

आता हे सभेत उभा राहून कसं सांगू? बत्तीस जणांसमोर म्हणू, की माझी बहीण शेवटची नाही असं मला कधी सुचलंच नाही? ती पहिली आली त्याच दिवशी? त्यापेक्षा लोकांनी मला लबाड म्हटलेलं परवडलं. माझं आता वय झालं, दोन-चार महिने बोलतील आणि विसरतील. ती विसरणार नाही.

तू तिला यातलं काही सांगू नकोस. बाइंडिंगचं काम बरं चाललंय. तुझ्या आईचा गुडघा आता कमी दुखतो.

सुखी राहा.
बाबा

२८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी मला बजावलंय की तुला काही सांगायचं नाही. मी सांगत नाही. त्यांचं पत्र तेवढं सोबत घालते, ते तू वाच. यावरून ते मला बोल लावतील, तेव्हा तू मध्ये पड.

बाबांनी कागद वाचला नाही ही त्यांची चूक. त्यांना कळवू नकोस म्हणालीस ही तुझी. आणि मी ते मुकाट्याने ऐकलं ही माझी. तिघांची मिळून एक गंमत होऊन बसली आणि बोलणी मात्र ते एकटे खातायत. वाचून झाल्यावर त्यांना रागाव हवं तर, पण बोल.

रागातसुद्धा माया असू दे.
भिंगरी

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

दोन गल्ल्या ओलांडून यायचं सोडून पत्र लिहितेय. समोर आले असते तर आधी भांडले असते आणि मग रडले असते, आणि वहिनीला दोन्ही निस्तरावं लागलं असतं. तुझ्या लेकीने तुझं पत्र मला पाठवलं. तिला काही बोलायचं नाही.

तू मला लबाडीने जिंकवलंस असं वाटत होतं तेव्हा राग आला होता. खरं कळल्यावर दुप्पट आला. माझ्या मागे कोणी असेल असं तुझ्या मनातही आलं नाही? मनातसुद्धा नाही? रागाच्या भरात मी आज दोन कवळ्या बिघडवल्या. एका आजोबांना खालचे दात वर बसवून दिले असते, शेजारच्या मुलीने वेळेत बघितलं म्हणून बरं.

मग कवळी पुन्हा घासता घासता दुसरंही आठवलं. घोळका पुढे गेला की बाकीच्या वळणांवरची सगळी माणसं घरी जातात. गेली अकरा वर्षं जातायत. वाटेत मला दुसरं कोणी उभं दिसत नाही. तुला एवढी पक्की सवय लागली ती माझ्यासाठी थांबून थांबूनच ना. आता या सवयीवर किती रागवायचं ते मला ठरवता येत नाहीये. राग आहे, आणि दुसरंही आहे, आणि दोन्ही एका वेळी आहेत.

बुधवारी सभेत तू काही बोलू नकोस. मी बोलणार आहे. सगळं जसं झालं तसं सांगणार, माझ्या लपवाछपवीसकट. लोक हसले तर हसू देत. मला कोणी लबाडाची बहीण म्हटलेलं चालणार नाही, शेवटची म्हटलेलं चालेल, ते ऐकायची सवय आहे. आणि मी माझा पहिला नंबर परत करून शर्यत पुन्हा घ्या म्हणून मागणार आहे. ते एकतीस जण मला कुठे गाठतात हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवते. वेळेवर ये, सायकल ढकलत येऊ नकोस.
तुझी धाकटी

२३ मार्च

चि. भिंगरीस,
पोतंभर आशीर्वाद. त्यातले अर्धे शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दे.

सभेचं आधी. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. सेक्रेटरींना हसू आवरेना म्हणून ते चष्मा पुसत बसले. दादा मान खाली घालून बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. पण त्यानंतर त्याला लबाड कोणी म्हटलं नाही. घोळक्यातला सगळ्यात तेज मुलगा उठून म्हणाला की आम्हालाही कळलेलं नाही आम्ही या बाईंना गाठलं असतं की नाही, तेव्हा पुन्हा होऊन जाऊ दे. काल, रविवारी, झाली.

तुझी फूटपट्टी चुकली, पण फार नाही. काचेच्या कारखान्याची भिंत संपली तरी मी एकटीच होते. शेवटचे तीन किलोमीटर उरले होते, मी मनात तुला वाकुल्या दाखवत होते, आणि तेवढ्यात तो आवाज आला. काय सांगू. मला वाटलं होतं खडखडाट असेल. तसं काही नाही. आधी नुसती घरघर, लांबून, मग साखळ्यांची किरकिर, मग माणसांचे श्वास. इतक्या माणसांचे श्वास मी एकत्र कधी ऐकले नव्हते. आणि मग ते दोन्ही बाजूंनी आले आणि वारा थांबला. खरंच थांबला. अकरा वर्षं तो वारा एकटीने अंगावर घेतला, आणि घोळक्याच्या आत तो नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पायांत बळ नसताना सायकल आपोआप पळत होती. एकाने माझ्या खांद्यापाशी येऊन सांगितलं की चाक धरून ठेवा, म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहा. मी धरलं. मोजून दोनशे मीटर धरलं असेल. मग ते पुढे गेले आणि वारा परत आला.

मी विसावी आले. घोळक्यातून तुटून मागे पडलेले बारा जण माझ्या मागे होते. रेषेपाशी उभं राहून मी त्या बाराही जणांना येताना बघितलं, आणि शेवटच्याला पाणी नेऊन दिलं. तो कसनुसा हसला. त्याला काय वाटत होतं ते मला सांगायची गरज नव्हती.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी टाकीच्या वळणावर आले तेव्हा दादा तिथे साडेसहापासून उभा होता म्हणे. लांबूनच मला त्याची लाल झेंडी दिसली. दरवर्षी मी वळले की तो माझ्याकडे बघत राहतो, मी दिसेनाशी होईपर्यंत, हे मला न बघताही ठाऊक असतं. काल मी वळले आणि न राहवून मान मागे केली. दादाने माझ्याकडे पाठ फिरवली होती. झेंडी उंच धरून तो मी आले त्या रस्त्याकडे बघत उभा होता, कारण अजून एकतीस जण यायचे होते. मी वेडी, रडतच पुढे गेले.

तुझ्यावर जीव आहेच, तो आता थोडा ऐटीत आहे असं समज.
तुझी आत्या