पिशवीबंदी

रमला बेट, ३ नोव्हेंबर १९९८

चि. मुफीदास थोरल्या भावाचे, तिजानीचे अ. आ.

यंदा माझ्या हातून झालेली कामं: खजुराच्या झावळ्यांचं समुद्रातलं कुंपण, त्याच्या टोकांना माशांचे पिंजरे, ऑक्टोपस धरायची मडकी आणि एक अर्ज. यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. अर्जात ते दिसतंच, असं तुझा नवरा रशीद म्हणेल.

अर्ज मासेमारी कचेरीला, ‘कीस’विरुद्ध आहे. तळ ओरबाडणाऱ्या जाळ्याला आपण कीस म्हणजे पिशवी म्हणतो, तेच मी लिहिलं. ती ओढत नेली की समुद्रगवत, स्पंज, चिखलात उभे रोवलेले हातभर शिंपले, सगळं मुळासकट जातं. आसराच नाही, तर ऑक्टोपस यावा कशाला? उरतात मेलेल्यांवर जगणारे खेकडे आणि चिखलातले किडे. मोठे गेले की कुरतडणारे वाढतात, हे कचेरीला वेगळं समजावायला नको. रशीदच्या होडीवरही पिशवीच आहे. त्याला हे वाचून दाखव.

रागावलीस तरी माया ठेव.
तिजानी

सफाक्स, २४ नोव्हेंबर

ति. खूयास, माझ्या दादास सा. सलाम.

अभिनंदन! तुझ्या अर्जाची दखल घेतली गेली. काल शिपायांनी मासळीबाजारात बायकांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशव्या हिसकून घेतल्या. बेटावरच्या एका जागरूक नागरिकाने पिशव्यांनी समुद्र मरतो असं कळवलंय म्हणे. मी मासळी ओढणीत बांधून आणली. ओढणी अजून वास मारतेय. जप्त पिशव्या त्यांनी धक्क्यावर मोजल्या, रशीदच्या वाळत घातलेल्या कीसच्या सावलीत बसून! रशीदला हसून ठसका लागला.

आता हट्ट सोड. तुझ्यासारखं जाळं कुणी विणत नाही, असं रशीदच म्हणतो. त्याच्याकडे येऊन पिशव्या विण. मडकी रिकामी आहेत, वहिनी चुलीवर काय ठेवणार?

धाकटीवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
मुफीदा

रमला बेट, १२ डिसेंबर

चि. मुफीदास अ. आ.

घोटाळा नको म्हणून दुसऱ्या अर्जाला कीसचं चित्र जोडलं: तळाची साखळी, शिशाची वजनं, दोन गाठींमधलं अंतर, सगळं मापात. उत्तर आलं. चित्र फार सुबक आहे, परवान्यासाठीचा नमुना म्हणून मंजूर केलंय, शुल्क भरून पिशवी चालू करावी!

मडकी आजही रिकामीच निघाली. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, जेवायला वाढते तेवढीच. तरी रशीदला सांग, त्याच्या आताच्या पिशवीची वीण ढिली आहे, म्हणून तळाला चार जीव तरी मागे राहतात. मी विणली तर एक खेकडाही सुटायचा नाही. माझ्या हाताची मलाच भीती वाटते.

घरी सगळ्यांना सलाम. आठवण काढत जा.
तिजानी

ता. क. वहिनीला कळवू नकोस. पिशव्या विणायला रशीद महिना चारशे दिनार देत होता. मी नको म्हटलं.