हिरवी हळद

सेनगाव, शनिवार, १२ मे २००७

सकाळी नवरीच्या भावानं लग्नाचा अल्बम माझ्या तोंडावर फेकला. "हळद हिरवी काहून दिसती रे?" म्हणून आमच्या फोटोच्या भर दुकानात कॉलर धरली. त्याचा राग मी कुणावर काढला? सख्ख्या धाकट्या भावावर, फोटोंचे रंग तोच काम्प्युटरवर नीट करतो. बाळू सांगत होता, "दादा, काम्प्युटरवर मला पिवळीच दिसली." खोटं बोलतो म्हणून ट्रायपॉडच हाणला. ओठ फाटला त्याचा.

दुपारी नांदेडच्या मित्राकडून आणलेलं रंग मोजायचं यंत्र मॉनिटरच्या काचेला लावलं, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ते चालवायची कमांड टाइप केली. पडद्यावर एकेक रंग येत गेला, खाली आकडे पडत गेले. आकडे सांगत होते, या मॉनिटरचा पांढरा पांढरा नाहीच, तांबूस आहे. म्हणजे हिरवट हळदसुद्धा या डबड्यावर पिवळीच दिसणार. बाळू खरं बोलत होता. अन् त्याचा ओठ?

डोकं फिरलं. तोच ट्रायपॉड उचलला, मॉनिटर फोडायला. बाळूनं मागून मनगट धरलं. सुजलेल्या ओठानं त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"त्याला नको मारू, दादा. आपण रंग चुकीचा दाखवून राहिलो, हे त्याला तरी कुठं माहीत होतं?"