वीतभर जास्तीच्या तारा

कोची
ता. ३ ऑक्टोबर २०२५

ती. आबा यांस,
सुयशचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी बरा आहे. इथला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, बाकी ठीक. फोनवर तुम्ही नुसतं हॅलो हॅलो करता आणि मी ओरडतो. डाळ मिलने तुमचे कान खाल्ले, म्हणून पत्रच बरं. अक्षराला हसू नका, आठवीच्या पुढे गेलो असतो तर सुधारलं असतं.

होडीची डोलकाठी ताणून धरायच्या तिन्ही तारा पार्सलने पाठवल्यात. तुम्ही दहा-दहा हात लिहिलं तशा कापल्या, टोकांना कड्या दाबून बसवल्या. दोन बाजूंच्या, एक पुढची. डोलकाठी मागे पडेल अशी तिच्या बुडाची बिजागरी बसवा. पुढची तार होडीखालच्या ट्रेलरच्या हातचक्रीला लावली की एकटा माणूस काठी उभी करतो, आणि गल्लीतल्या विजेच्या वायरी आल्या की आडवी करतो. आमच्या यार्डाच्या भंगारातली ही होडी मी ट्रकवर चढवून घरी पाठवली, तेव्हा आई म्हणाली होती की त्या जागेत म्हैस बांधली असती तर दूध तरी मिळालं असतं. तिला सांगा, मेहरूणच्या तलावात पहिली फेरी तिचीच.

आणखी एक. मालक मला जानेवारीत मालदीवला पाठवतोय, दोन वर्षांसाठी. त्याआधी डिसेंबरात दहा दिवस सुट्टी आहे. होडीचं माझ्याजोगं काही काम उरलं असेल तर कळवा, म्हणजे येतो. सहा वर्षं झाली, उगाच कसं यायचं.

माया असू द्या, आणि बीपीची गोळी चुकवू नका.
तुमचा सुयश

मेहरूण, जळगाव
ता. १६ ऑक्टोबर २०२५

चि. सुयश यास,
आबांचे व आईचे अनेक आशीर्वाद. पार्सल पोचले. कड्या इतक्या सफाईने बसवल्यास की मी त्या शेजारच्या सुपडूला दाखवायला घेऊन गेलो. पण तारा लावल्या आणि काठी डुलायला लागली. प्रत्येक तार वीतभर जास्त. मी माझे हात मोजून लिहिले होते, तू तुझ्या हाताने मोजून कापल्यास. म्हणजे दर हाताला बोटभर फरक. सोळाव्या वर्षी तू गेलास तेव्हा तुझा हात माझ्या मनगटापर्यंत यायचा. एवढा वाढलास हे तुझ्या आईला सांगितले, तर ती तार हातात घेऊन बसून राहिली.

काळजी करू नको. बाभळीचा वीतभर ठोकळा तासून बिजागरीखाली घातला. आता तारा अशा ताणल्यात की बोट मारले की वाजतात. बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, बघून गेली. सुपडू विचारत होता की या खांबावर कोणते चॅनल दिसते. समोरच्या कुंदाबाईंनी तर पुढच्या तारेवर गोधडी वाळत घातली.

तेव्हा तुझ्याजोगे काम आता उरलेले नाही. आमच्यासाठी सुट्टी मोडू नको. निर्धास्त मालदीवला जा. आमची काळजी करू नकोस, पण आठवण ठेव.
तुझे आबा

कोची
ता. २८ ऑक्टोबर २०२५

ती. आबा व आई यांस,
जयभीम. पत्र वाचून दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. मालकाने दोनदा झापलं.

खरं सांगतो. यार्डात भिंतीला टेप टांगलेलाच असतो. आणि तुमचा हात पावणेअठरा इंच भरतो हे मला पाठ आहे, लहानपणी दोरीने मीच मोजला होता. तरी मी माझ्या हाताच्या मापाने तारा कापल्या. म्हटलं, काठी उभी राहणार नाही, आबा चिडतील आणि लिहितील की ये आणि तुझं तू निस्तर. तुम्ही ठोकळा घालून मोकळे झालात.

मी इथे रोज दुसऱ्यांच्या होड्या पाण्यात सोडतो. त्यांचं कुणीतरी माणूस काठावर दोर धरून उभं असतं. ते बघितलं की मला आपला तलाव दिसतो. पण मी न सांगता निघून गेलेला पोरगा. तुम्ही बोलावल्याशिवाय दारात उभा कसा राहू? कामाचं निमित्त असतं तर मान खाली घालून कामाला लागलो असतो, कुणी काही विचारलं नसतं. आता येऊ तरी काय म्हणून?

रागावलात तरी चालेल, पण लिहा.
सुयश

मेहरूण, जळगाव
ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सुयश यास,
आशीर्वाद. तुझे पत्र आईने मला मोठ्याने दोनदा वाचायला लावले.

तू तिकडे रमलास, आपण कशाला पाय ओढायचा, असे वाटले म्हणून काम नाही असे लिहिले. होडी तयार होऊन तीन आठवडे झाले. सुपडू त्याची छोटी गाडी घेऊन दोनदा आला, ट्रेलर जोडून तलावावर नेऊ म्हणाला. एकदा वारा नाही म्हटले, एकदा गुडघा दुखतो म्हटले. गुडघा काही दुखत नव्हता.

आज सकाळी हातोडीने ठोकळा काढला. काठी आडवी पडली आहे, तारा अंगणभर लोळत आहेत. सुपडू विचारत होता की चांगली उभी होती, झाले काय? त्याला सांगितले की माप चुकले आहे आणि कारागीर बाहेरगावी आहे.

तेव्हा काम निघाले आहे. तारा कापायच्या, शीड बांधायचे, आणि ठोकळ्यावर काठी उंच नको, वारा जास्त धरेल. दहा दिवस सहज जातील. बाभळीचा ठोकळा आईने आंघोळीचे पाणी तापवायला चुलीत घातला. मी दुसरा करणार नाही.

तिकीट काढलेस की कळव.
तुझे आबा