पाकटीची पिल्लं

मंगळवार, संध्याकाळ

त्या पाकट माशाच्या मादीच्या पोटात तीन पिल्लं होती, पंख अंगाभोवती गुंडाळून निजलेली. आज प्रयोगशाळेत रिपोर्ट आला. आईच्या अंगातलं जस्त पिल्लांत उतरलंय, आणि शिसंही. पिल्लांना काय द्यायचं, ते तिला निवडता येतच नसेल का? नमुन्यांच्या नळ्यांवर नंबरांऐवजी मी ‘आई’, ‘पिल्लू’ असं लिहिलं होतं, म्हणून सर रागावले.

घरी आले तर शेंद्र्याहून आईचा फोन. “सातवा लागला ना? भाजलेली माती पाठवते. तू पोटात असताना मी लई खाल्ली.”

“कुठली गं?”

“आपल्याच शेतातली. कंपनीच्या भिंतीलगतची. तवा भिंत नव्हती म्हणा.”

माझ्या पोटात कुणीतरी गुंडाळलेले पंख जरासे हलवले, असं वाटलं.

मी नको म्हणाले. पण तोंडाला पाणी सुटलं होतं.